नझमीच्या घाण्यावरचा पळा

मित्रांनो, मी तेल मोजायचा एक जुना पळा आहे. अंग तांब्याचे, आतून कल्हई, पाठीशी उभा लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला खुंटीवर अडकण्यापुरता आकडा. गालीलच्या डोंगरातल्या एका गावात, नझमीच्या जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, घाण्यावर माझे सारे उमेदीचे आयुष्य गेले. आता मी घाण्यावर नाही. का नाही, ते तुम्हाला सांगायचे आहे.

मला नझमीच्या वडिलांनी, हाज मुतलकांनी, अक्का शहराच्या बाजारातल्या एका तांबटाकडून घडवून घेतले. तांबटाने पत्रा कापला, तापवला आणि लाकडी ठोकळ्यावर चढवून ठोकला. तांबे फार ठोकले की कडक होते आणि चिरते. म्हणून मधूनमधून मला विस्तवात घालून मऊ करावे लागे. बूड वेगळे कापून दुमडीने बसवले. कड वळवण्याआधी हाज मुतलकांनी मला पाण्याने भरले आणि ते पाणी दुकानातल्या शिक्क्याच्या मापात ओतले. पाणी काठावरून सांडले.

"जरासा मोठा झालाय," तांबट म्हणाला. "तुमच्याच फायद्याचं आहे, हाजी."

"माझ्या फायद्याचं? अख्खं गाव माझ्या नावानं खडे फोडील. काप."

तांबटाने कुरकुरत माझा काठ कापला, कडेत तार घालून ती वळवली, शेवटी नवसागर फिरवून कथलाची कल्हई केली. अशा रीतीने मी पुरेपूर मापाचा होऊन गावात आलो.

आमच्याकडे फळे गाळून देण्याची मजुरी पैशात मोजत नसत. हंगामात शेतकरी जैतुनाची पोती घेऊन घाण्यावर येत. फळे धुतली जात, भरडली जात, लगदा दाबला जाई आणि नळातून हिरवे, दाट, घशाला किंचित झोंबणारे तेल वाहू लागे. शेतकरी आपला डबा नळाखाली धरी. डबा भरला की घाणेवाला मला त्यात बुडवी, सर्वांच्या देखत वर उचली आणि घाण्याच्या रांजणात रिता करी. हा घाण्याचा वाटा. त्याला मजुरी असे कोणी म्हणत नसे. हाज मुतलक त्याला बरकत म्हणत, म्हणून सारे गाव बरकत म्हणे. ज्याच्याजवळ डबे थोडे असत असा एखादाच रोख शेकेल मोजून देई.

रांजणातले ते तेल हाज मुतलक विकत नसत. त्यातले घरात लागे, काही नात्यात जाई, आणि ज्याच्या झाडांना त्या वर्षी फळ धरले नाही त्याच्या दारात एखादा डबा गुपचूप ठेवला जाई. मी तेव्हा नवा होतो. खुंटीवर लटकलो की माझ्या काठावरून शेवटचा थेंब ओघळे आणि लोक म्हणत, या पळ्यात खोट नाही. हे ऐकून मला जे वाटे, तेच सुख म्हणायचे असेल तर मी ते पुष्कळ भोगले.

हाज मुतलक गेल्यावर मी नझमीच्या हातात आलो. तो रुंद खांद्याचा, मितभाषी, हाताचा फार नेमका माणूस. मला बुडवून वर काढल्यावर तो माझी कड डब्याच्या काठावर हलकेच टेकवी, म्हणजे बाहेरून चिकटलेले तेल शेतकऱ्याच्याच डब्यात परत जावे. उम्म फरहान नावाची एक विधवा दरवर्षी आपल्या थोड्याशा झाडांची फळे घेऊन येई. तिच्या डब्यात तो मला बुडवी, पुरता भरून वर उचली आणि तिच्याच डब्यात परत ओती.

"अरे, घे की!" ती ओरडे. "मला काय भिकारीण समजतोस?"

"घेतलं ना. बघा, पळा भरला होता का नव्हता?"

"भरला होता, पण गेला कुठं?"

"हिशेब विचारू नका मावशी, रांगेत माणसं उभी आहेत."

आणि रांगेतला अबू जर्यस, ज्याची जीभ कधी सुकली नाही असा म्हातारा शेतकरी, मागून म्हणे, "मावशी, मलाही विधवा करून घ्या. एक पळा तरी वाचेल!"

ते दिवस मला आठवतात. फळांचा ओला, कडवट वास, गरम रोटीचा तुकडा ताज्या तेलात बुडवून खाणारी माणसे, भरडणीचा घरघराट. मला त्या साऱ्याची फार ओढ लागते.

पुढे दगडी घाणा जाऊन विजेचा आला. डोंगरातल्या तेलाची शहरात कीर्ती झाली. हैफाचे खानावळवाले गाड्या घेऊन दारात येऊ लागले. रांजण भरला की नझमी तेल डब्यांत भरी, भाव ठरवी आणि विकी. दरवर्षी प्राप्तिकराचा कागद भरताना मात्र तो रोख मिळालेले थोडेसे शेकेल तेवढे लिही. डब्यांचा त्यात उल्लेख नसे. त्याची बायको हुस्निया रोट्या भाजता भाजता एकदा म्हणाली, "आणि हे डबे?"

"ते बरकतीचं तेल आहे. त्याच्यावर कसला कर?"

"बरकत खानावळीला विकतात होय?"

"रोटी करपतेय बघ."

रोटी करपली नव्हती. मी त्या दिवशी कल्हई तपासायला घरी आणलेला होतो आणि चुलीजवळच टेकवलेला होतो, म्हणून मला ते ठाऊक आहे.

बरीच वर्षे असे चालले. मग हैफाच्या एका खानावळवाल्याने आपल्या खर्चात तेलाची खरेदी दाखवली. तेल कोणाचे, असे करखात्याने विचारले. त्याने नझमीचे नाव सांगितले. नझमीच्या कागदावर तेलाची विक्री कुठेच नव्हती. ऐन हंगामात अधिकारी घाण्यावर आले. त्यांनी रांजण पाहिला, डबे पाहिले, लोकांना प्रश्न विचारले. वाटा कशाने घेता, असे विचारल्यावर रांगेतल्या साऱ्यांनी प्रामाणिकपणे माझ्याकडे बोट दाखवले. एका तरुण अधिकाऱ्याने मला खुंटीवरून काढून पारदर्शक पिशवीत घातले आणि पिशवीचे तोंड मोहोरबंद केले.

"अहो साहेब," अबू जर्यस कळवळून म्हणाला, "त्याला कशाला पकडताय? तो तांब्याचा आहे, त्याला काय कळतंय!"

नझमी नुसता उभा होता. त्याचा उजवा हात मोकळा लोंबकळत होता आणि नळाखाली उम्म फरहानचा डबा भरून वाहत होता.

मित्रांनो, मुद्देमालाच्या खोलीत फळ्या असतात, फळ्यांवर पिशव्या असतात आणि पिशव्यांत वस्तू. तिथे कोणी कोणाला हात लावत नाही. माझ्या आतल्या बाजूला तेलाचा पातळ थर उरला होता. तो आधी चिकट झाला, मग खवट. ज्या वासासाठी लोक डोंगर चढून येत, त्याच तेलाची माझ्या पोटात अशी दशा व्हावी, याची मला लाज वाटे. त्या खोलीला खिडकी नव्हती. हंगाम कधी आला आणि कधी गेला हे मला कळत नसे. एखाद्या शिपायाने दुपारी डबा उघडला आणि त्यातून ओव्याच्या रोटीचा वास आला की मी आतल्या आत थरथरे.

शेवटी एके दिवशी मला न्यायालयात नेऊन मेजावर ठेवले. नझमीने आपला गुन्हा आधीच कबूल केला होता. थकलेला कर, व्याज आणि दंड भरण्यासाठी त्याने डोंगराच्या उतारावरची आपली सर्वांत जुनी झाडे जमिनीसकट विकली होती. आता उरली होती ती फक्त शिक्षा. सरकारी वकीलबाई एका वर्षाचा तुरुंगवास मागत होत्या. नझमीचे वकील वदीआ तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा मागणार होते. न्यायाधीश येण्यापूर्वी ते नझमीच्या कानाशी वाकले. मेज जवळच होते, म्हणून मला ऐकू आले.

"पुन्हा सांगतो. विचारलं तर एवढंच म्हणायचं, की आम्ही त्याला देणगी समजत होतो, बापजाद्यांची रीत आहे, करपात्र आहे हे कळलं नाही. दिवसा वृद्धाश्रमात फरशी पुसशील आणि रात्री घरी झोपशील. घाणा संध्याकाळी चालव."

"आणि लोकांनी देणगी दिली, असं म्हणायचं?"

"काय बिघडतं त्यात?"

मागच्या बाकावरून हुस्निया पुटपुटली, "ते सांगतायत ते ऐक. जन्मात एकदा तरी कुणाचं ऐक."

नझमीच्या चारित्र्याबद्दल सांगण्यासाठी गावातून दोन साक्षीदार आले होते. पहिला अबू जर्यस. त्याने नवा कोट घातला होता आणि त्याला फार बोलायचे होते.

"हा माणूस सगळ्यांकडून हा पळा भरून घेत असे?" सरकारी वकीलबाईंनी विचारले.

"सगळ्यांकडून!" अबू जर्यस अभिमानाने म्हणाला. "गावप्रमुखाच्या, मुख्तारच्या मेव्हण्यालासुद्धा सोडलं नाही बाई. एक डबा चुकवला नाही कधी. असा चोख माणूस पाहिला नाही मी."

"म्हणजे केलेल्या कामाचा मोबदला पुरेपूर वसूल करत असे."

"पुरेपूर! काठोकाठ!"

वकील वदीआंनी डोळे मिटून घेतले. अबू जर्यस मात्र आपण मित्राचे भले केले अशा समाधानाने खाली उतरला.

मग उम्म फरहान आली. काठी टेकत उभी राहिली. न्यायालयाची भाषा गावच्या भाषेहून वेगळी, म्हणून दुभाष्या होता; त्याने सांगायच्या आत तिला प्रश्न कळत होता, पण ती मुद्दाम दुभाष्याची वाट पाहत होती.

"माझ्याकडून त्यानं कधी घेतला नाही," ती म्हणाली. "भरायचा आणि माझ्याच डब्यात ओतायचा. दरवर्षी मी भांडायची."

"का घेत नसे?"

"नवरा नाही ना मला. पोरं परदेशात."

"म्हणजे घेणं असूनही त्यानं तुम्हाला माफ केलं."

"माफ नाही तर काय? त्याच्या बापानंही केलं होतं."

सरकारी वकीलबाई न्यायाधीशांकडे वळल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "महाराज, जे आपल्या हक्काचं असतं तेच माफ करता येतं. देणगी कोणी माफ करत नाही. हा माणूस दर वेळी पळा भरून उचलत होता, आपण किती सोडतो आहोत हे स्वतःला आणि रांगेला दाखवण्यासाठी. त्याला त्याची किंमत ठाऊक होती."

उम्म फरहानला वाक्याचा अर्थ सावकाश पोहोचला. तिचा हात काठीवर घट्ट झाला. "अरे देवा," ती म्हणाली, "मी काय बोलून बसले?"

"खरं बोललात मावशी," नझमी जागेवरून म्हणाला. "बसा."

न्यायाधीश वयस्कर, बारीक आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी मोहोर तोडून मला पिशवीतून बाहेर काढायला सांगितले. कितीतरी काळाने मला उघड्यावरची हवा लागली. त्यांनी मला दांड्याला धरून आत पाहिले आणि नाक मागे घेतले.

"आरोपीनं उभं राहावं. तुमच्या मते हे काय आहे? देणगीचं भांडं, की मजुरीचं माप?"

नझमी उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिले. माझे काळवंडलेले अंग, आतला पिवळा, वाळलेला थर. त्याचे ओठ हलले ते आधी वेगळ्याच गोष्टीसाठी.

"महाराज, तो घासायला द्यायला हवा होता. तेल असं ठेवत नाहीत."

"प्रश्नाचं उत्तर द्या."

"मजुरी," नझमी म्हणाला.

वकील वदीआंची लेखणी मेजावर पडली.

"माझ्या वडिलांच्या हातात तो होता तेव्हा बरकत असेल. ते विकत नव्हते. मी भाव करून विकलं. गाळायची मजुरी तेलात घ्यायची, ते तेल बाजारात घालायचं आणि कागदावर काही लिहायचं नाही, हे मी केलं. आता मी म्हणालो की लोकांनी ते दान दिलं, तर मागं बसलेल्या या माणसांनी मला भीक घातली असा अर्थ होतो. त्यांनी भीक घातलेली नाही. मी राबलो, त्यांनी मोबदला दिला. मला ठाऊक होतं."

न्यायाधीशांनी मला मेजावर ठेवले. अगदी सावकाश, आवाज न करता. मग त्यांनी शिक्षा वाचून दाखवली.

ते म्हणाले, की नोकरी करणाऱ्याचा कर पगार हातात पडण्याआधीच कापला जातो. स्वतःचा धंदा करणारा मात्र आपण होऊन सांगेल, या भरवशावर राज्य चालते. हा भरवसा या माणसाने वर्षानुवर्षे मोडला. गावातली शाळा, दवाखाना, रस्ते याच पैशातून होतात.

"कुठले रस्ते?" अबू जर्यस कुजबुजला. "आमच्याकडं नुसते खड्डे." त्याला शेजाऱ्याने कोपराने ढोसले.

न्यायाधीश पुढे म्हणाले, की आरोपीने झाडे विकून थकबाकी भरली, आणि सोपे उत्तर समोर ठेवलेले असताना खरे सांगितले. म्हणून एका वर्षाऐवजी पाच महिने. पण हे पाच महिने तुरुंगातच. समाजसेवेची सवलत नाही.

हुस्नियाने डोक्यावरची ओढणी दोन्ही हातांनी घट्ट धरली. नझमीने तिच्याकडे पाहिले नाही, पाहू शकला नाही. वकील वदीआ घाईने उठले आणि म्हणाले, की हंगाम तोंडावर आला आहे, गावात दुसरा घाणा नाही, फळे झाडावर थांबत नाहीत. न्यायाधीशांनी थोडा विचार केला.

"शिक्षा हंगामानंतर सुरू होईल. ही सवलत आरोपीला नाही, त्याच्या शेजाऱ्यांना आहे. पळा शिक्षा संपल्यावर परत द्यावा."

मला पुन्हा पिशवीत घातले, पुन्हा फळीवर ठेवले. मित्रांनो, त्या काळात माझी तगमग सर्वांत जास्त झाली. गावात घाणा सुरू आहे, तेल वाहत आहे आणि नझमी माझ्याशिवाय उभा आहे, हे मला ठाऊक होते. मग हंगाम संपला असेल, त्याने यंत्र धुऊन, पुसून, झाकून ठेवले असेल आणि लहानशी पिशवी घेऊन तो निघाला असेल. त्यानंतर तो एका बंद खोलीत होता आणि मी दुसऱ्या. त्याला भेटायला हुस्निया जात असेल. माझ्याकडे कोणी येत नव्हते, आणि येण्याचे कारणही नव्हते.

तो स्वतः मला घ्यायला आला. दाढी पांढरी झाली होती, सदरा खांद्यांवर सैल पडत होता.

"एक नग, तांब्याचा पळा, दांड्यासह," कारकून म्हणाला. "इथं सही करा. वास मारतोय हो तुमचा पळा."

"माझ्यामुळं मारतोय," नझमी म्हणाला आणि मला सदऱ्याच्या बाहीने पुसू लागला. घरी पोहोचेपर्यंत तो पुसतच होता.

हुस्नियाने मला राखेने आणि लिंबाने घासले. खवटपणा गेला, पण त्याबरोबर कल्हईही गेली. आतून लाल तांबे उघडे पडले. उघड्या तांब्यात तेल ठेवू नये. तेल बिघडते आणि पोटाला बाधते. नझमी अक्काच्या बाजारात गेला, तर तांबटाच्या दुकानात आता फोन दुरुस्त करतात. नासरेथला गेला, आणखी दोन गावे पालथी घातली. कल्हई करणारा मिळाला नाही. हुस्नियाने मला स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगले.

पुढचा हंगाम आला. घाण्यावर आता दराची पाटी आहे, मजुरी शेकेलमध्ये घेतात आणि नझमीची मुलगी रबाब प्रत्येकाला पावती देते. संध्याकाळी जेवताना तो घाण्यावरचे सांगतो आणि मी ऐकतो.

"अबू जर्यस म्हणतो, तुझ्या घाण्यातून हल्ली तेलापेक्षा कागद जास्त निघतो."

"आणि उम्म फरहान?" हुस्नियाने विचारले.

"तिची पावती रबाबनं फाडली. पैसे मी माझ्या खिशातून पेटीत टाकले. आता ती पावती गावभर नाचवत फिरतेय, की बघा, मी फुकट नाही गाळून घेत."

"तिला कळलं नाही?"

"कळलंय तिला. म्हणून तर नाचवतेय."

हुस्निया कितीतरी दिवसांनी हसली. मग नझमीने रोटीचा तुकडा हातात धरून ठेवला आणि खाल्ला नाही.

"एक गोष्ट होते बघ," तो म्हणाला. "डबा भरला की माणसं हलत नाहीत. पैसे दिलेले असतात, पावती खिशात असते, तरी थांबतात. पळा बुडायची वाट बघतात. मी म्हणतो, झालं, न्या. तरी क्षणभर थांबतात. आणि माझा हातही खुंटीकडं जातो."

मित्रांनो, तुमच्या घरीदारी अशा जुन्या रीती असतील तर त्या प्रेमाने जपा. पण जपताना अधूनमधून उघडून पाहत जा, की आत अजून तीच वस्तू आहे ना. आमच्याकडे वाटायचे तेल विकायचे झाले आणि नाव मात्र जुनेच राहिले. ज्या वर्षी ते झाले त्याच वर्षी मला खाली उतरवून कोणी नवा दर लिहिला असता, तर नझमीची झाडे नझमीची राहिली असती.

आणि तुमच्या गावात एखादा कल्हई करणारा अजून भाता फुंकत बसत असेल, तर त्याच्याकडे भांडी घेऊन जा, त्याचे दुकान बंद पडू देऊ नका. त्याला माझ्याविषयीही सांगा. मी गालीलच्या डोंगरात, एका स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. सकाळी घाणा सुरू झाला की वारा ताज्या तेलाचा वास घेऊन माझ्यापर्यंत येतो, आणि मला दिवसभर तोंड उघडे ठेवून लटकत राहावे लागते.